भारुडातलं हसू

आमच्या येडशीत सप्ताहाला कीर्तनात पेंगणारं पोर भारुड सुरू झालं की ताठ बसतं. गडीच लुगडं नेसून, मळवट भरून दादल्याची गाऱ्हाणी मांडतो. बायका तोंडाला पदर लावून हसतात.

हे देणं मराठवाड्याचंच. पैठणच्या एकनाथांनी सोळाव्या शतकात जोशी, वासुदेव, विंचू अशा रूपकांतून परमार्थ सांगितला. त्यांच्या भारुडातला महार ब्राह्मणाला निरुत्तर करतो. हिंदू-तुर्क संवादात तर दोघे एकमेकांच्या धर्माची उणीदुणी काढून शेवटी गळाभेट घेतात! १९४८ पर्यंत निजामाच्या अमलात राहिलेल्या आमच्या मुलखाला हा संवाद फार जवळचा वाटावा.

सप्ताहाच्या पत्रिकेत कीर्तनकारांची नावं ठळक असतात. भारुडकाराचंही तेवढंच ठळक छापा, हे मी दरवर्षी सांगतो.