प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं, पण कॅन्सर परत येईल का? रिपोर्टमधल्या या ओळी वाचा

प्रोस्टेट ग्रंथी काढली, टाके सुकले, पेशंट अमरावतीला किंवा अकोल्याला घरी आला. 'गाठ निघाली, सुटलो एकदाचे' असं घरचे म्हणतात. अनेकांच्या बाबतीत ते खरंही ठरतं. पण काही जणांत कॅन्सर काही वर्षांनी परततो. हा धोका कोणाला जास्त, याचा अंदाज काढलेल्या ग्रंथीच्या तपासणीतून, म्हणजे हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्टमधून येतो.

3+4 आणि 4+3 मध्ये फरक काय?

अमेरिकेतले पॅथॉलॉजिस्ट डोनाल्ड ग्लीसन यांनी 1966 मध्ये मांडलेली पद्धत आजही, सुधारित रूपात, वापरली जाते. सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची रचना जितकी विस्कटलेली, तितका आकडा मोठा. सगळ्यात जास्त भागात दिसणारा नमुना आधी लिहितात, त्यानंतरचा दुसरा. बेरीज दोन्हीकडे 7 च, पण 4+3 मध्ये जास्त आक्रमक नमुन्याचा वाटा मोठा असतो, म्हणून धोका जास्त. हा घोळ टाळायला आता 1 ते 5 असे ग्रेड ग्रुपही देतात: 3+4 म्हणजे 2, 4+3 म्हणजे 3.

रिपोर्टमध्ये 'क्रिब्रिफॉर्म' शब्द असेल तर डॉक्टरांना त्याबद्दल नक्की विचारा. चाळणीसारखी भोकं दिसणारी ही रचना धोका वाढवणारी मानली जाते.

'मार्जिन पॉझिटिव्ह' म्हणजे ऑपरेशन फसलं?

नाही. काढलेल्या ग्रंथीला बाहेरून शाई लावतात. कॅन्सरच्या पेशी त्या शाईपर्यंत पोहोचलेल्या दिसल्या, तर मार्जिन पॉझिटिव्ह. पेशी आत राहिल्याची शक्यता त्याने वाढते, पण कॅन्सर परत येणारच असं नाही. पॉझिटिव्ह भाग किती लांब आहे आणि तिथला ग्रेड काय, यावर बरंच ठरतं.

पीटी2 म्हणजे कॅन्सर ग्रंथीतच होता. पीटी3ए म्हणजे बाहेर पडला होता. पीटी3बी म्हणजे वीर्यकोशात शिरला होता, आणि हे जास्त गंभीर. लसिका गाठींत पेशी सापडल्या तर एन1 लिहितात.

मुंबईला जाताना काय न्यायचं?

वऱ्हाडातले बरेच पेशंट दुसऱ्या मतासाठी नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल किंवा मुंबईचं टाटा गाठतात. रात्रीच्या अमरावती-मुंबई एक्सप्रेसमध्ये बसताना फक्त रिपोर्टची झेरॉक्स सोबत असून भागत नाही. ग्लीसन ग्रेडवर दोन पॅथॉलॉजिस्टचं मत वेगळं पडू शकतं, त्यामुळे मूळ स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक लॅबमधून मागून घ्या.

'नॉर्मल' पीएसएचा सापळा

ऑपरेशननंतर साधारण सहा ते आठ आठवड्यांत रक्तातला पीएसए जवळजवळ शून्यावर यायला हवा. तो 0.2 किंवा त्याहून जास्त झाला आणि पुन्हा तपासूनही तसाच आला, तर कॅन्सर परतल्याचं समजतात. त्या वेळी बहुतेकदा काहीच दुखत नसतं. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या 1999 च्या अभ्यासात, पीएसए वाढल्यापासून कॅन्सर दूर पसरल्याचं दिसेपर्यंतचा मध्यक काळ आठ वर्षं होता. हाच उपचाराचा वेळ. पीएसए कमी असतानाच रेडिएशन दिलं तर त्याचा उपयोग जास्त होतो.

अडचण अशी की लॅबच्या कागदावर 'नॉर्मल: 0 ते 4' छापलेलं असतं. ही मर्यादा ग्रंथी शाबूत असलेल्या पुरुषांसाठी आहे. ग्रंथी काढलेल्या माणसाचा पीएसए 0.6 आला आणि कागदावर नॉर्मल लिहिलं असलं, तरी तो रिपोर्ट त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवायचा.