मनगटावरचा शिक्का

परदेशी माणसाकडे शिक्क्याचा कागद मागण्याची रीत आपणांस पाश्चात्यांनीं शिकविली, असा एक समज सुशिक्षितांत रूढ आहे. तो इतिहासास धरून नाहीं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत मुद्राध्यक्ष नांवाचा एक स्वतंत्र अधिकारीच सांगितला आहे. त्यानें एक माषक घेऊन मुद्रा द्यावी, ज्याच्यापाशीं मुद्रा असेल त्यानेंच जनपदांत प्रवेश करावा किंवा तेथून बाहेर पडावें, आणि मुद्रेवांचून सांपडणाऱ्या देशवासीयास बारा पण दंड व्हावा, असा त्या प्रकरणाचा आशय आहे. पुढें पोर्तुगीजांनीं समुद्रावर हीच रीत चालविली. त्यांचा कार्ताझ घेतल्यावांचून आपल्या किनाऱ्यावरील गलबतांस निर्धास्तपणें फिरतां येत नसे. मराठी दप्तरांतून दस्तकांचा उल्लेख जागोजाग येतो, तो निराळाच.

परंतु मुद्रा काय, कार्ताझ काय किंवा दस्तक काय, हे सारे वाटसरूचे कागद होत. जो माल घेऊन आला आणि माल विकून गेला, त्याच्यापुरते ते ठीक. जो मनुष्य परक्या देशांत उरलेलें आयुष्य काढावयास आला, ज्यास तेथें धंदा करावयाचा नाहीं, नोकरी नको आणि परतही जावयाचें नाहीं, त्यास कोणता कागद द्यावा? काशीस देह ठेवावयास जाणारे वृद्ध आपल्याकडे होते. पण त्यांनीं दर वर्षीं आपला काशीवास नवा करून घ्यावा, असें कोणीं म्हटल्याचें ऐकिवांत नाहीं. पेन्शन, बँक आणि विमान हीं तीन साधनें एकत्र आल्यावर मात्र असल्या वृद्धांचा एक नवाच वर्ग जगांत उत्पन्न झाला. त्यांचा एक मोठा मेळा सयामांत, म्हणजे ज्यास १९३९ पासून (मधलीं कांहीं वर्षें सोडतां) थायलंड म्हणतात त्या देशांत, जमला आहे. इंग्रज, अमेरिकन, जर्मन, ऑस्ट्रेलियन असे हे पन्नाशी-साठी उलटलेले लोक बँकॉक, पट्टाया, चिआंग माई येथें घरें भाड्यानें घेऊन राहतात आणि वर्षांतून एकदां सरकारी कचेरीपुढें रांगेंत उभे राहतात. त्यांची ही रांग समजून घ्यावयाची तर तिच्या पाठीमागील पावणेदोनशें वर्षांचा इतिहास पाहिला पाहिजे.

१८ एप्रिल १८५५ रोजीं सर जॉन बौरिंग ह्यानें राजा मोंगकूट ह्याच्या दरबाराशीं तह केला. ह्या तहानें इंग्रजी प्रजाजन सयामी न्यायालयांच्या कक्षेबाहेर गेले. त्यांचे खटले त्यांचा वकील, म्हणजे कॉन्सल, चालवूं लागला. इतर युरोपीय राष्ट्रांनींही लौकरच तशाच सवलती पदरांत पाडून घेतल्या. इंग्रजी प्रजाजनांत बँकॉकचे हिंदी व्यापारीही मोडत, हें येथें ध्यानांत ठेवावें. तथापि ज्या तहास एकतर्फी म्हणून नांवें ठेवतात, त्यांतही सयामी मुत्सद्द्यांनीं एक दोरी आपल्या हातीं राखली होती. परकीयानें कायम वास्तव्य करावयाचें तें बँकॉकमध्येंच किंवा ठरलेल्या मर्यादेंत. देशी नाव चोवीस तासांत जाईल तितक्या अंतरापर्यंत त्यानें जमीन घ्यावी. शहराच्या तटापासून सुमारें चार मैलांच्या आंत घ्यावयाची तर दहा वर्षें सयामांत काढलीं पाहिजेत. आणि त्या मर्यादेपलीकडे अथवा समुद्रावर जावयाचें झाल्यास सयामी अधिकाऱ्यांचा परवाना हवा, तोही कॉन्सलमार्फत मागितलेला. गोऱ्या माणसास खेंचून न्यायासनापुढें उभें करतां येत नव्हतें, पण तो कोठें आहे हें सरकारास ठाऊक असलें पाहिजे हा आग्रह सुटला नव्हता. आजच्या नियमांचें बीज येथें दिसतें.

दुसऱ्या परकीयांची कथा मात्र अगदीं वेगळी. दक्षिण चीनमधून सयामांत हजारों मजूर व व्यापारी येत. त्यांस सयामी प्रजेप्रमाणें वेठ नव्हती. तिच्याऐवजीं प्रौढ चिनी पुरुषानें दर तीन वर्षांनीं डोईपट्टी भरावी असा दंडक एकोणिसाव्या शतकांत बराच काळ चालू होता. पट्टी चार बाट. वर कारकुनाच्या लिहिणावळीचा पाव बाट. ती भरली म्हणजे त्याच्या मनगटाला दोरा बांधून गांठीवर लाखेचा शिक्का करीत. तो शिक्का हीच त्याची पावती. हमाली करतांना, वल्हें मारतांना, भात कांढतांना तो जपावा लागे, आणि चारचौघांत तो वागविणें चिनी गृहस्थांस फार अपमानाचें वाटे. त्यावर सरकारनें तोडही काढली होती. जो सवासहा बाट भरील त्याचें मनगट मोकळें. त्यास शिक्क्याऐवजीं कागद मिळे. दोन बाटांच्या फरकानें माणूस शिक्क्याचा न राहतां कागदाचा होई. हा फरक वाचकांनीं विसरूं नये. पुढें त्याची गांठ पुन्हां पडावयाची आहे.

ही पद्धत विसाव्या शतकाच्या आरंभीं बंद झाली आणि चिनी लोकांवर सयामी प्रजेइतकीच वार्षिक पट्टी बसली. समतेचें हें पाऊल त्यांस महाग पडलें. जून १९१० मध्यें बँकॉकच्या चिनी दुकानदारांनीं व मजुरांनीं तीन दिवस हरताळ पाडला, तेव्हां राजधानीचा सारा व्यवहार थंडावला. परकी मनुष्यबळावर आपली पेठ किती अवलंबून आहे, हें राज्यकर्त्यांस त्या तीन दिवसांत कळलें, आणि तें त्यांच्या मनांत खोल रुतलें असें पुढील कायद्यांवरून दिसतें.

इकडे जगही बदलत होतें. १९१४ च्या महायुद्धापूर्वीं युरोपांतील पुष्कळ देशांतून पासपोर्टावांचून हिंडतां येई. युद्धांत हेरांच्या भीतीनें जे परवाने आले ते युद्ध संपल्यावर जातील अशी लोकांची अपेक्षा होती; प्रत्यक्षांत १९२० मध्यें राष्ट्रसंघानें पॅरिस येथें परिषद भरवून पासपोर्टाच्या पुस्तकास एक ठराविक आकार दिला आणि तो कायमचा झाला. सयामनें १९२७ सालीं आपला आगमनविषयक पहिला कायदा केला. त्याचा रोख मुख्यतः चिनी लोकांवर होता. १९३७ पर्यंत नवे तह होऊन गोऱ्यांचे न्यायविषयक विशेषाधिकारही संपले. तेव्हांपासून कायद्यापुढें इंग्रज आणि चिनी एकाच रांगेंत आले, फक्त ती रांग अजून लांब झाली नव्हती.

ती लांब झाली अमेरिकन सैन्यामुळें. व्हिएतनामच्या युद्धांत उदोन, उबोन, कोरात, उ-तपाओ येथें अमेरिकेचे विमानतळ होते. पट्टायाचा समुद्रकिनारा सैनिकांच्या सुटीचें ठिकाण झाला. १९७६ मध्यें सैन्य गेलें, पण त्या हवेची आणि त्या स्वस्ताईची आठवण घेऊन गेलेल्यांपैकीं कित्येक जण पेन्शन लागल्यावर परत आले. त्यांच्या पाठोपाठ युरोपांतील निवृत्त लोक आले. २ जुलै १९९७ रोजीं बाट मोकळा सोडण्यांत आला आणि पंचवीस बाटांचा डॉलर सहा-सात महिन्यांत पन्नासाच्या वर गेला. तेव्हां तर सामान्य पेन्शनरास तेथें जहागीरदारासारखें राहतां येऊं लागलें.

आज त्यांस जो कायदा लागू आहे तो बौद्ध संवत् २५२२ चा, म्हणजे १९७९ चा. त्याचीं तीन कलमें ह्या वृद्धांच्या तोंडपाठ असतात. परकीयानें दर नव्वद दिवसांनीं आपला पत्ता कळवावा. घरमालकानें परका मनुष्य आल्यापासून चोवीस तासांत वर्दी द्यावी. आणि कायम वास्तव्याचा हक्क एका वर्षांत एका देशाच्या शंभरांहून अधिक लोकांस देऊं नये. ह्या शंभरांत निवृत्त माणसासाठीं निराळें दार नाहीं. म्हणून तो वीस वर्षें राहिला तरी एका वर्षाचाच पाहुणा असतो. पन्नाशी पूर्ण झालेली असावी, तेथील बँकेंत आठ लक्ष बाट ठेवलेले असावेत किंवा दरमहा पासष्ट हजार बाटांची प्राप्ति असावी, आणि एकोणीसशें बाट फी भरावी, कीं आणखी एक वर्ष मिळतें.

कागदावर हें सोपें दिसतें. कचेरींत तें तसें नसतें. बँकेचें पत्र ताजें हवें, खातेपुस्तकांत त्याच सुमाराची नोंद हवी, पासपोर्टाच्या पानांच्या नकलांवर सही हवी, घरचा नकाशा हातानें काढलेला हवा. एका कचेरींत चालतो तो कागद दुसऱ्या कचेरींत चालत नाहीं. २०१४-१५ च्या सुमारास चिआंग माईच्या कचेरीपुढें उजाडण्यापूर्वींच माणसें येऊन बसत, कारण दिवसाचे क्रमांक थोडे आणि मागणारे फार. सत्तरी ओलांडलेल्या, काठी टेंकीत आलेल्या माणसानें चार तास बसावें आणि एक नक्कल कमी म्हणून परत फिरावें, हा प्रकार नित्याचा. ‘सरकारी काम आणि सहा महिने थांब’ ही आपली म्हण त्यास ठाऊक नसते, पण तिचा अर्थ त्यास आपोआप उमगतो.

येथेंच दलालाचा प्रवेश होतो. कचेरीच्या आसपास त्यांचीं दुकानें असतात. दलाल म्हटला कीं आपल्या मनांत लगेच तिरस्कार उत्पन्न होतो. पण त्यांत दोन जाति आहेत. एक अर्ज लिहून देतो, थाई भाषेंत बोलतो, कोणत्या टेबलाशीं कोणता कागद लागतो हें सांगतो आणि त्याची दस्तुरी घेतो. तो आपल्या कोर्टाबाहेरील अर्जनविसाचा भाऊ होय, आणि त्यास दोष देण्यांत अर्थ नाहीं. दुसरा आठ लक्ष बाटच उसने देतो. म्हाताऱ्याच्या नांवें खातें उघडावयाचें, रक्कम कांहीं दिवस त्यांत दाखवावयाची, शिक्का उमटला कीं काढून घ्यावयाची, आणि ह्यासाठीं सरकारी फीच्या कितीतरी पट पैसे मोजावयाचे. आतां हें उघड खोटें आहे. तरीही हा धंदा चोरटेपणानें चालतो असें म्हणवत नाहीं. ज्यास दिसावयास हवें त्यास तो दिसत नाहीं, एवढेंच.

लोक ह्या वाटेस कां लागतात, ह्याचें उत्तर मात्र सयामांत नाहीं; तें बरेंचसें लंडनमध्यें आहे. इंग्लंडच्या सरकारी पेन्शनीत दर वर्षीं वाढ होते, पण थायलंडमध्यें राहणाऱ्यास ती मिळत नाहीं. पहिल्या दिवशीं जो आंकडा लागला तोच मरेपर्यंत. २००७ च्या सुमारास एका पौंडास सुमारें सत्तर बाट मिळत, २०१९ मध्यें चाळीसच्या आसपास आले. म्हणजे मनुष्य तोच, घर तेंच, पेन्शन तीच, आणि पासष्ट हजारांची अट पार करणारा पेन्शनर कांहीं न करतां अटीच्या खालीं घसरला. त्यांत १ जानेवारी १९ पासून, म्हणजे २०१९ च्या आरंभापासून, इंग्रजी व अमेरिकन वकिलातींनीं उत्पन्नाचे दाखले देणेंच बंद केलें. थाई अधिकारी म्हणत, दाखला देतां तर उत्पन्न तपासून द्या. वकिलाती म्हणत, तें आम्हांस शक्य नाहीं. दोघांचेंही म्हणणें रास्त, आणि दोघांमध्यें उभा असलेला मनुष्य पंच्याहत्तर वर्षांचा. त्याच वर्षीं ठेवीचा नियमही आवळला: आठ लक्ष बाट अर्जापूर्वीं दोन महिने आणि मंजुरीनंतर तीन महिने हलवावयाचे नाहींत, पुढेंही चार लक्षांच्या खालीं जावयाचें नाहीं. शस्त्रक्रियेसाठीं साठविलेली रक्कम शस्त्रक्रियेच्या वेळीं वापरतां येऊं नये, असा ह्याचा परिणाम पुष्कळांच्या बाबतींत झाला. उसन्या पैशाच्या दलालास ह्या नियमानें आळा बसेल अशी सरकारची अपेक्षा असावी. गरजू माणसें त्याच्याच दारीं गेलीं. अडला हरि, दुसरें काय!

धोका सारा म्हाताऱ्याचा असतो. मुदत टळली तर दिवसास पाचशें बाट दंड, फार तर वीस हजार. हा भरतां येतो. परंतु मार्च २०१६ पासूनच्या नियमाप्रमाणें मुदत टळलेला मनुष्य स्वतः हजर न होतां पकडला गेला तर त्यास निदान पांच वर्षें देशांत पाऊल टाकतां येत नाहीं. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं पांच वर्षें म्हणजे किती, हें हिशेब करून सांगावयास नको. मागें ज्यांची थाई बायको, ज्यांचें बिऱ्हाड, ज्यांचा ओळखीचा वैद्य राहतो, त्यांस ही शिक्षा हद्दपारीहून वेगळी वाटत नाहीं.

सयामी सरकारास निर्दय म्हणून मोकळें होणें सोपें आहे; आम्हांस तें पटत नाहीं. ज्या राष्ट्रानें ऐंशीं वर्षें परकीयांस आपल्या न्यायाबाहेर वागतांना पाहिलें, त्यानें परकीयाच्या पायाखालचें जाजम वर्षावर्षानें गुंडाळतां येईल असेंच अंथरावें, ह्यांत नवल काय? आमचा आक्षेप दुसऱ्या ठिकाणीं आहे. २००३ मध्यें त्याच सरकारनें धनिक परकीयांसाठीं सभासदत्वाची एक योजना काढली. भरभक्कम वर्गणी भरली कीं वर्षानुवर्षांचा परवाना, आणि कचेरींत हातीं धरून नेणारा माणूस सरकारतर्फेंच. २०२२ पासून वर्षास ऐंशीं हजार डॉलर प्राप्ति असलेल्या पेन्शनरास दहा वर्षांचा परवाना मिळूं लागला. त्याची नव्वद दिवसांची वर्दीही वर्षावर आली. रांग उरली ती मधल्या माणसासाठीं. मनगटावरचा दोरा दोन बाट जास्त देऊन चुकविणारा चिनी शेठ येथें पुन्हां भेटतो, फक्त लाखेचा रंग उडाला आहे.

ह्या सर्वांत एक लहानसा गट असा आहे कीं त्याच्याकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. २१ ऑक्टोबर १९९८ पूर्वीं आलेले आणि तेव्हांपासून खंड न पडूं देतां परवाना नवा करीत आलेले जे साठी उलटलेले लोक आहेत, त्यांस आठ लक्षांची अट नाहीं; दोन लक्ष बाट पुरतात. ही सवलत अखंड वास्तव्याची आहे. त्यांतील पुष्कळ जण आतां ऐंशीच्या घरांत आहेत. तारीख विसरली, आजारपणांत एक वर्ष चुकलें, कीं सव्वीस-सत्तावीस वर्षांची ती साखळी तुटते, आणि पुढच्या खेपेस खिडकीपाशीं त्यांना काल आलेल्या माणसाइतकेच, म्हणजे आठ लक्ष, दाखवावे लागतात.