शकुंतलेचे इंजिन आणि सुट्या भागाची किंमत

वाशीम जिल्ह्यातील कारंजा (लाड) येथून जाणारी यवतमाळ–मूर्तिजापूर ही अरुंद रुळांची गाडी वऱ्हाडात ‘शकुंतला’ म्हणून ओळखली जात असे. वऱ्हाडचा कापूस मुख्य लोहमार्गापर्यंत नेण्यासाठी किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने विसाव्या शतकाच्या आरंभी ही वाट घातली. पुढे रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले, तरी या मार्गाची मालकी कंपनीकडेच राहिली.

मँचेस्टरला १९२१ साली बांधलेले बाष्पइंजिन १९२३ पासून ही गाडी ओढू लागले. ते निवृत्त झाले १५ एप्रिल १९९४ रोजी. खुद्द ब्रिटिश रेल्वेने आपल्या मुख्य मार्गांवरील बाष्पइंजिने ऑगस्ट १९६८ मध्येच बंद केली होती. म्हणजे शेवटची सव्वीस वर्षे हे इंजिन जन्मभूमीत कालबाह्य ठरूनही इकडे कामावर होते.

अशा यंत्राचा एखादा ओतीव भाग तुटला, तर तो बाजारात मिळत नाही, घडवावा लागतो. झिजलेल्या भागाचे माप घ्यायचे, झीज किती झाली हे अंदाजाने परत मिळवायचे, मग लाकडी नमुना कोरायचा. तोही किंचित मोठा, कारण बीड थंड होताना फुटामागे सुमारे एक अष्टमांश इंच आक्रसते. नंतर वाळूचा साचा, ओतकाम, लेथवरचे कातकाम. शंभर नग ओतायचे असते, तर नमुन्याचा खर्च शंभरांत विभागला गेला असता. एकच नग हवा असेल, तर तो सगळा त्या एकट्याच्या माथी बसतो. लोखंडाचे मोल या हिशेबात सर्वांत किरकोळ!

साध्या नटबोल्टचीही तीच गत. मँचेस्टरच्याच जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये आट्यांचे प्रमाण सुचवले; त्यांचा कोन ५५ अंशांचा, मापे इंचांत. जुन्या ब्रिटिश यंत्रांत हेच आटे सर्रास असत. भारताने १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे स्वीकारली. मेट्रिक आट्याचा कोन ६० अंशांचा. दिसायला बोल्ट तोच, पण नीट बसत नाही. प्रमाणीकरणाने नव्या यंत्रांचे भाग स्वस्त केले आणि जुन्यांना पोरके केले, हे फारसे कोणी बोलत नाही.

आज वाशीमच्या सोयाबीन पट्ट्यात मळणीयंत्र बंद पडते, तेव्हा प्रश्न थोडा निराळा असतो. तेथे नमुना तयार असतो, पण तो मूळ कारखानदाराकडे. शिवाय हंगाम मोजक्या आठवड्यांचा. वर्षातून एखादाच विकला जाणारा भाग दुकानदार फळीवर सांभाळतो. त्यात अडकलेल्या पैशाचे व्याज, आणि न विकल्या गेलेल्या भागांचा तोटाही, शेतकऱ्याच्या पावतीत उतरतो. पाऊस तोंडावर असताना घासाघीस कोण करणार?

शकुंतलेला १९९४ साली डिझेल इंजिन मिळाले. रुळांची रुंदी मात्र तीच, दोन फूट सहा इंच, राहिली. त्यामुळे चाकांची जोडी मोठ्या मार्गाच्या भांडारातून आणून बसवणे तेव्हाही शक्य नव्हते.