तंजावरचे रुमाल

कचेरीत आयुष्य घालविणाऱ्या आपणां सर्वांस ठाऊक आहे की, कागद फडताळात असणे वेगळे आणि तो सूचीत असणे वेगळे. सूचीत नसलेला कागद वाळवीने खाल्ल्यासारखाच होय. तंजावरच्या सरस्वती महालाचा इतिहास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे.

१७९९ च्या तहाने तंजावरचा कारभार कंपनीकडे गेला. तरीही दुसरे सरफोजी (राज्यकाल १७९८ ते १८३२) यांनी ग्रंथसंग्रह वाढविला, छापखाना काढला, रुग्णांच्या डोळ्यांची चित्रे काढवून उपचार नोंदविले आणि १८०३ साली बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसल्यांचे वंशचरित्र मराठीत कोरविले. राज्य गेले तरी आपली नोंद आपणच ठेवावी, ही जाणीव त्यामागे दिसते.

१८५५ त राज्य खालसा झाले. पुढे तेथील न्यायाधीश बर्नेल यांनी राजवाड्यातील पोथ्यांची सूची केली. ती १८८० साली लंडनला छापली गेली. त्यांचे परिश्रम मोठे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु सूची संस्कृत पोथ्यांची होती. युरोपीय पंडितांना जो हिंदुस्थान हवा होता, तो तीत सापडला. गवई, नट्टुवनार, नर्तकी यांचे पगार व बक्षिसे ज्यांत नोंदली होती, ते मोडी रुमाल मात्र नुसते दफ्तर राहिले.

याचा परिणाम दूरवर पोहोचला. नृत्याचा इतिहास संस्कृत शास्त्रग्रंथांवरून सांगितला जाऊ लागला. १९४७ च्या मद्रास कायद्याने देवदासी वाहण्याची चाल बंद झाली, हे योग्यच झाले. पण ज्या स्त्रियांनी ती कला जतन केली, त्यांची नावेही विस्मरणात गेली. वस्तुतः तंजावरच्या दरबारी नृत्यासाठी सरफोजींची मराठी निरूपणे होती. सरस्वती महालाने छापलेल्या त्यांच्या ग्रंथाचे नाव ‘कोर्व्यांचे साहित्याचे जिन्नस’. जिन्नस! कोठीतला, जमाखर्चातला शब्द. दरबाराने आपल्या कलेची वर्गवारी आपल्याच शब्दांत केली होती. अलीकडे काही अभ्यासक आणि कलावंत या कागदांकडे व कलावंत घराण्यांकडे पुन्हा वळले आहेत, ही समाधानाची गोष्ट होय.

आता जुन्या कागदांच्या संगणकीय प्रती होत आहेत. कोणी म्हणेल, मग चिंता कसली? पण यंत्र कागदाचे चित्र घेते. त्यावर मथळा माणूसच लिहितो. तो ‘किरकोळ मराठी कागद’ असा पडला, तर त्यातील नर्तकी दुसऱ्यांदा हरवली म्हणून समजावे. तेव्हा मथळे ठरविताना मोडी जाणणारे, तमिळ जाणणारे आणि त्या घराण्यांचे वंशज एकत्र बसले पाहिजेत.

दक्षिणेत नेमणूक झालेल्या आपल्या बांधवांनी तंजावर पाहावे, देऊळ पाहावे. आणि शक्य तर आठवड्यातील एक तास मोडी शिकण्यास द्यावा. रुमाल सोडणारे हात पुष्कळ मिळतील. वाचणारे डोळे थोडे आहेत.