आजोळी आलेलं लेकरू आणि व्हिसाची तारीख

परदेशी नांदायला जाणारी लेक आता फक्त शहरातलीच असते असं नाही. खेड्यापाड्यांतल्या मुलीही अमेरिकेत, इंग्लंडात, ऑस्ट्रेलियात गेल्या, तिथं बाळंत झाल्या, आणि त्यांची मुलं सुट्टीत आजोळी येऊ लागली. नातू अंगणात खेळतो, वरणभात खातो, आजीशी मराठीत भांडतो. पण त्याचा पासपोर्ट अमेरिकेचा असेल तर आपल्या कायद्याच्या लेखी तो परदेशी. तो इथं किती दिवस राहणार हे आजी ठरवत नाही, व्हिसा ठरवतो. व्हिसा म्हणजे परक्या देशात येण्याची आणि ठरावीक मुदत राहण्याची परवानगी. मुदत उलटली की लहान मूल असलं तरी ते बेकायदा राहिलेलं ठरतं. इथवर आपण कसे आलो, आणि या सगळ्यात आईला केव्हा धरलं आणि केव्हा धरलंच नाही, ते आज पाहू.

आपला नागरिकत्वाचा कायदा १९५५ सालचा. त्याआधी राज्यघटनेतच लिहून ठेवलं होतं की स्वतःहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं राहत नाही. दोन घरची सून चालत नाही म्हणतात ना, तसंच दोन देशांचा नागरिक चालणार नाही, असं धोरण. त्यावर वाद होऊ शकतो, पण नियम निदान सर्वांना सारखा होता. १९५५ च्या कायद्यात आणखी एक ओळ होती, ती मात्र सारखी नव्हती. मूल परदेशात जन्मलं तर ते भारतीय केव्हा? तर त्याचा बाप जन्माच्या वेळी भारतीय असेल तेव्हा. आईचं नावच नाही.

म्हणजे कसं, ते बघा. साताऱ्याचा मुलगा लंडनला गेला, त्यानं गोऱ्या मुलीशी लग्न केलं, तिथं मूल झालं, तर ते मूल वंशानं भारतीय. साताऱ्याचीच मुलगी लंडनला गेली, तिनं इंग्रज मुलाशी लग्न केलं, तिचं मूल मात्र परदेशी. नऊ महिने पोटात वाढवलं तिनं, पण माहेरी न्यायचं तर त्या लेकराला व्हिसा काढायचा. आपल्याकडे म्हणतातच, लेकरू बापाचं. कायद्यानं तेच म्हणणं शाईनं लिहून ठेवलं होतं.

हे फक्त भारतातच होतं असं नाही. इंग्लंडनं आईला हा हक्क १९८३ पासून दिला, जपाननं १९८५ पासून. १९७९ साली संयुक्त राष्ट्रांत स्त्रियांवरील भेदभावाविरुद्धचा करार झाला. मुलांच्या नागरिकत्वाच्या बाबतीत बाईला पुरुषाइतकाच हक्क असावा, असं त्याचं नववं कलम सांगतं. भारतानं त्यावर १९८० मध्ये सही केली आणि १९९३ मध्ये तो पक्का केला. त्याच्या थोडं आधी, १० डिसेंबर १९९२ पासून, आपला कायदा बदलला. आई किंवा बाप, दोघांपैकी कुणीही एक भारतीय असला की पुरे.

गंमत म्हणा की दुर्दैव, भारतात जन्मलेल्या मुलांसाठी आईला धरायला १९८७ सालीच सुरुवात झाली होती. म्हणजे बाळंतपण इकडे झालं तर आई मोजायची, तिकडे झालं तर नाही, अशी पाच वर्षं गेली. शिवाय १९९२ चा बदल मागच्या जन्मांना लागू झाला नाही. एकाच आईची दोन मुलं परदेशात जन्मली, एक नोव्हेंबर १९९२ मधलं आणि दुसरं दोन वर्षांनी, तर धाकटं आईच्या नावावर भारतीय होऊ शकतं, थोरलं नाही.

आता जरा गोव्याकडे वळू, कारण दोन देशांच्या कागदांचा प्रश्न तिथं घरोघरी पोचला. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा भारतात आला. १९६२ च्या आदेशानं तिथं जन्मलेले लोक, तसेच ज्यांचे आईबाप किंवा आजीआजोबा तिथं जन्मले होते तेही, भारतीय नागरिक मानले गेले. ज्यांना पोर्तुगीज राहायचं होतं त्यांनी एका महिन्यात लिहून द्यायचं होतं. मोंतेरो नावाच्या एका पाद्रीबाबांनी तसं लिहून दिलं. राहण्याची त्यांची परवानगी नोव्हेंबर १९६४ मध्ये संपली, त्यांनी ती वाढवून मागितली नाही. त्यांना ३० दिवसांची साधी कैद आणि ५० रुपये दंड झाला. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि १९६९ मध्ये तिथंही शिक्षा कायम राहिली. माणूस गोव्याचाच, पण कागद परदेशाचा आणि तारीख उलटलेली.

पुढे पोर्तुगालनं १९६१ पूर्वीच्या गोवेकरांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना आपलं नागरिकत्व घेण्याची वाट खुली ठेवली. त्या पासपोर्टवर युरोपात काम मिळतं, म्हणून हजारो कुटुंबांनी ती वाट धरली. त्यांना नावं ठेवायचं आम्हाला कारण दिसत नाही, पोटासाठी माणूस जातोच. पण एक गोष्ट घराघरांत नीट सांगितली गेली नाही. आईबापानं रीतसर अर्ज करून भारताचं नागरिकत्व सोडलं, की अज्ञान मुलाचंही आपोआप जातं. अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर एका वर्षाच्या आत त्या मुलानं लेखी कळवलं तर ते परत मिळतं. ही खिडकी वर्षभरच उघडी असते.

अमेरिकेचं आणखी वेगळं. तिथल्या घटनेत १८६८ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून तिथल्या भूमीवर जन्मलेलं मूल अमेरिकी धरलं जातं. आईबाप भारतीय असतील तर आपला कायदाही त्या मुलाला वंशानं भारतीय होऊ देतो. पण डिसेंबर २००४ पासून त्यासाठी एका वर्षात भारतीय वकिलातीत जन्म नोंदवावा लागतो, आणि मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं लिहून द्यावं लागतं. बहुतेक जण तिकडचा पासपोर्ट काढतात. मग ते मूल आजोळी येतं ते व्हिसावर. ज्या मुलाला दोन्ही नागरिकत्वं मिळालेली असतील, त्यानं अठरा पूर्ण झाल्यापासून सहा महिन्यांत दुसऱ्या देशाचं सोडलं नाही तर भारताचं जातं.

सरकारनं यातून एक मधली वाट काढली. १९९९ मध्ये भारतीय वंशाच्या लोकांसाठी एक कार्ड आलं. त्याची फी होती १००० डॉलर, म्हणजे ते कुणासाठी होतं ते समजून घ्या. २००२ मध्ये फी ३१० डॉलरवर आली. नंतर ओसीआय कार्ड आलं, आणि २०१५ मध्ये जुनं कार्ड त्यातच मिळवलं. ओसीआय असलं की जन्मभर येता येतं, मुदतीची भीती नाही. त्याच्या नावात ‘सिटिझन’ म्हणजे नागरिक असा शब्द आहे, त्यामुळे पुष्कळांचा गैरसमज होतो. ते नागरिकत्व नव्हे. मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसानं आली तर गोष्ट वेगळी.

आणि आता ज्यासाठी हा विषय आज घेतला, ते. लेक परदेशातून माहेरी परत येते, कडेवर तिकडे जन्मलेलं मूल. नवऱ्यानं छळलं, किंवा विमानतळावर सोडून फोनच बंद केला. काही महिने रडण्यात आणि समजुती घालण्यात जातात. तेवढ्यात मुलाच्या व्हिसाची मुदत संपते, कुणाच्या लक्षातही येत नाही. ओसीआय काढायला जावं, तर अज्ञान मुलाच्या अर्जावर आईबाप दोघांची संमती मागतात. १९९२ मध्ये कायद्यानं आईला बापाच्या बरोबरीनं बसवलं खरं, पण सही न करणारा बाप अजूनही तिचं काम अडवून धरू शकतो. मग मुलाच्या ताब्याचा कोर्टाचा आदेश आणावा लागतो, आणि त्याला वेळ लागतो.

मुदत उलटण्याचं नुकसान दंडापुरतं नाही. भारतीय नागरिकांच्या अज्ञान मुलाला अर्ज करून भारतीय म्हणून नोंदवून घेता येतं, अशी कायद्यात सोय आहे. पण २००४ पासून मुदतीपेक्षा जास्त राहिलेला परदेशी हा ‘बेकायदा स्थलांतरित’ धरला जातो, आणि अशाला त्या सोयीनं नोंदवून घेत नाहीत. तारखेकडे दुर्लक्ष झालं तर मुलाचा हा दरवाजाच बंद होऊ शकतो. देश सोडून जायचं म्हटलं तरी आधी परवानगी लागते.

म्हणून मूल आलं की त्याचा पासपोर्ट उघडून व्हिसाचं पान वाचून घ्या, इंग्रजी येत नसेल तर शाळेतल्या बाईंकडून. व्हिसा पाच किंवा दहा वर्षांचा दिसतो, पण एका वेळी सलग किती दिवस राहायचं हे वेगळं लिहिलेलं असतं. पुष्कळदा १८० दिवस. फसगत इथंच होते. अमेरिकेत सोळा वर्षांखालच्या मुलाचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, व्हिसा जुन्या पासपोर्टवर राहून जातो. म्हणून जुना पासपोर्ट टाकू नका.

परदेशी माणसांच्या नोंदणीचं काम जिल्ह्यात पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयात चालतं, आणि २०१८ पासून अर्ज ऑनलाइनही होतो. १९४६ चा जुना परदेशी नागरिक कायदा जाऊन १ सप्टेंबर २०२५ पासून नवा कायदा लागू झाला आहे, तेव्हा दंडाचे जुने आकडे कुणी सांगितले तर त्यावर विसंबू नका. मुदत संपायच्या आधीच अर्ज करा, आणि आई का परतली, बाप सही का देत नाही, ते त्यात स्पष्ट लिहा. राष्ट्रीय महिला आयोगात परदेशस्थ नवऱ्यांच्या तक्रारींसाठी २००९ पासून वेगळा कक्ष आहे, तिथं पाठवलेल्या तक्रारीची प्रत त्या अर्जाला जोडा.