दत्तकाचा खर्च कोणी सोसायचा?

दत्तक आणि पैसा यांचे नाते जुने आहे. आज मीरा रोडच्या एखाद्या सोसायटीत घराचे हप्ते भरणारे जोडपे मूल दत्तक घ्यायचे ठरवते, तेव्हा पैसे कुठून आणायचे हा प्रश्न त्यांना पडतोच. पण त्याआधी विचारायला हवे की दत्तकाचा पैसा आजवर कोणाच्या हाती गेला आणि कशासाठी. 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली आणि शेजारचा उत्तन-भाईंदरचा मुलूख पेशवाईत आला. त्या राज्यव्यवस्थेत वतनदाराला दत्तक घ्यायचा तर सरकारची मंजुरी लागे, आणि त्यासाठी नजर, म्हणजे सरकारला द्यायची रक्कम, भरावी लागे. मुलाच्या पालनपोषणाशी तिचा काही संबंध नव्हता, ती वतन चालू राहण्याची किंमत होती. ईस्ट इंडिया कंपनीने त्यापुढचे पाऊल टाकले. 1848 मध्ये साताऱ्याच्या शहाजीराजांचे दत्तविधान नाकारून तिने राज्यच खालसा केले.

याच महाराष्ट्रात दुसरी परंपरा उभी राहिली, आणि मला तीच खरी पायाभरणी वाटते. 1863 मध्ये जोतीराव व सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. तिथे जन्मलेला यशवंत त्यांनी दत्तक घेतला. पंढरपूरचा बालकाश्रम 1875 चा. या ठिकाणी वतन नव्हते, वारसाहक्काची चिंता नव्हती. खर्च होता तो दुधाचा, दाईचा, औषधाचा, आणि तो चालवणाऱ्यांनी व देणगीदारांनी सोसला. 1956 च्या हिंदू दत्तक कायद्याच्या सतराव्या कलमाने दत्तकाच्या मोबदल्यात पैसे देणे-घेणे गुन्हा ठरवले. मात्र तो कायदा उत्तनच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांसाठी किंवा मीरा रोडमधल्या नया नगरच्या मुसलमानांसाठी नव्हता. त्यांना 1890 च्या पालक व पाल्य कायद्याखाली फक्त पालकत्व मिळे. खर्च आईबापाइतकाच, पण कायद्याने नाते अपुरे. सर्व धर्मीयांना पूर्ण दत्तकाची वाट बालन्याय कायद्याने, विशेषतः 2006 च्या दुरुस्तीने, मोकळी केली.

मोबदला बंद झाला तरी संस्थेचा खर्च उरतोच. तो किती, हे कोणी जाहीर केले नाही तर दलालाचे फावते. परदेशी दत्तकातले हेच गैरप्रकार लक्ष्मीकांत पांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आले आणि 1984 मध्ये न्या. भगवतींनी नियम घालून दिले. पुढे 2017 च्या दत्तक नियमावलीत देशांतर्गत दत्तकासाठी गृहभेट अहवालाचे 6,000 आणि बालसंगोपन निधीचे 40,000 रुपये असा आकडा छापला गेला. यावर आक्षेप येतो की ही मुलाची किंमतच झाली. मला तसे वाटत नाही. किंमत मुलागणिक बदलते. इथे गोरे-काळे, मुलगा-मुलगी, सगळ्यांसाठी रक्कम एकच, पावतीवर, आणि ती संस्थेतल्या मुलांच्या संगोपनाकडे जाते. नजर आणि हे शुल्क यांतला फरक तोच आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: गरिबाने काय करायचे? एवढी रक्कम म्हणजे हातावर पोट असणाऱ्याची कित्येक महिन्यांची कमाई. ते खरेच आहे. पण शुल्क माफ करून संस्था उपाशी ठेवली तर तोटा पाळण्यातल्या बाळाचाच. पंढरपूर-पुण्यात समाजाने जो भार उचलला, तो आता सरकारने संस्थांना पुरेसे अनुदान देऊन उचलायला हवा, म्हणजे पालकांचा वाटा कमी होईल. नोकरदार घरांचा मोठा खर्च तर शुल्काचा नव्हताच, तो बुडालेल्या पगाराचा होता. 2017 च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने दत्तक आईला 12 आठवड्यांची भरपगारी रजा दिली, पण बाळ तीन महिन्यांच्या आतले असेल तरच, अशी अट होती. मूल सोडणाऱ्या पालकांना फेरविचारासाठी दोन महिने द्यावेच लागतात. पुढे बालकल्याण समितीचा आदेश, जुळवणी, कागदपत्रे. त्या मुदतीत बाळ घरी पोचणार होते कसे? चर्चगेटच्या लोकलने रोज ये-जा करणाऱ्या आईला मग बिनपगारी रजा घ्यावी लागे, आणि घराचा हप्ता भरायला पतपेढीचे कर्ज.