आजोबांची सुट्टी, नातवाचा मुक्काम

मंडळी, आपल्या धंद्यात रजा कागदावर साठत जातात आणि डिसेंबर आला की 'लॅप्स होतील' अशी मेल येते. मग सगळे एकदम गोव्याकडे पळतात. इंग्लंडात हीच पळापळ सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. शाळा सुरू झाल्या, किनारे ओस पडले, भाडी उतरली की गाडीमागे कॅराव्हॅन जोडायची आणि तीन-चार दिवस समुद्राजवळ जाऊन नुसतं पडून राहायचं. परत आल्यावर व्हॅनच्या नळ्यांतलं पाणी काढायचं (थंडीत गोठलं तर नळ्या फुटतात) आणि ती झाकून ठेवायची, ती थेट ईस्टरपर्यंत. हंगाम समाप्त!

आता हा हंगाम ठरवला कुणी? थंडीने, असं आपण पटकन म्हणू. ते खरंच आहे, पण अर्धंच. बाकीचं काम कायद्याने केलंय, आणि त्यात एकाच घराण्यातले आजोबा आणि नातू भेटतात.

आजोबा म्हणजे सर जॉन लबक. पेशाने बँकर, डार्विनचे शेजारी, मुंग्या-मधमाश्यांचे अभ्यासक. १८७१ साली त्यांनी पार्लमेंटात बँक हॉलिडेचा कायदा करून घेतला. त्यात ऑगस्टचा पहिला सोमवार सुट्टीचा ठरला. भर उन्हाळ्यात हक्काची सुट्टी! लोक एवढे खूष झाले की त्या दिवसाला गमतीने 'सेंट लबक डे' म्हणू लागले. पुढे १९७१ च्या कायद्याने ही सुट्टी इंग्लंडात ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी नेली. उन्हाळ्याचा हंगाम सरत आल्याची खूण ती हीच. १९३८ मध्ये आठवडाभराच्या पगारी रजेलाही कायद्याचा आधार मिळाला आणि कामगारही किनाऱ्यावर जाऊ लागला.

कॅराव्हॅन मात्र सुरुवातीला साहेबलोकांचीच होती. १८८५ मध्ये नौदलातले निवृत्त डॉक्टर आणि लेखक गॉर्डन स्टेबल्स यांनी ब्रिस्टलच्या कारखान्यातून 'वाँडरर' नावाची गाडी बांधून घेतली आणि ते स्कॉटलंडला निघाले. ओढायला दोन घोडे, हाकायला गाडीवान, तीनचाकी सायकलवरून पुढे जाणारा नोकर, शिवाय कुत्रा आणि पोपट. मौजेसाठी मुद्दाम बांधलेली पहिली कॅराव्हॅन म्हणून तिचंच नाव घेतात. १९०७ मध्ये अशा हौशी लोकांचा क्लब झाला. १९१९ पासून बर्मिंगहॅमची एक्लिस कंपनी मोटारीमागे जोडायच्या व्हॅन विकू लागली.

पण चाकांवरचं घर ही कल्पना यांची थोडीच होती! ती होती जिप्सींची, म्हणजे रोमानी लोकांची. हे लोक मूळचे आपल्याकडचे. पाण्याला 'पानी', नाकाला 'नाख' आणि कानाला 'कान' म्हणणारी त्यांची भाषा आजही ती ओळख सांगते. स्टेबल्सच्या प्रवासाच्या ५० वर्षं आधीच, १८३५ च्या रस्ते कायद्यात जिप्सींचं नाव घालून लिहिलं होतं, की हमरस्त्यावर तळ ठोकलात तर ४० शिलिंगपर्यंत दंड. म्हणजे डॉक्टरसाहेबांचा मुक्काम ही सहल आणि जिप्सीचा मुक्काम हा गुन्हा.

१९६० च्या कायद्याने ही दरी आणखी वाढली. व्हॅन उभी करायच्या जागेला परवाना लागू लागला. 'हंगाम संपला की बंद' अशा अटी जागोजाग आल्या, कारण सुट्टीच्या जागेत कुणी कायमचं राहू नये. मान्यताप्राप्त क्लबांना सवलत होती, त्यांच्या सदस्यांना एखाद्या शेतात ५ व्हॅनपर्यंत परवान्याशिवाय थांबता येई. गावच्या सामायिक माळावर मात्र व्हॅनना बंदी घालायचा अधिकार स्थानिक कौन्सिलांना मिळाला. जिप्सी पिढ्यानपिढ्या उतरत होते ते नेमके त्याच माळांवर.

इथे नातू येतो. एरिक लबक, आपल्यासारखाच इंजिनियर, रोल्स-रॉइसमध्ये काम केलेला, नंतर लिबरल पक्षाचा खासदार. १९६८ साली त्याने खासगी विधेयक आणून जिप्सींसाठी तळाच्या जागा करून देणं कौन्सिलांना बंधनकारक करून घेतलं. आजोबांनी लोकांना घर सोडायला दिवस दिला, नातवाने घर चाकांवर असलेल्यांना थांबायला जागा दिली. कौन्सिलांनी चालढकल केली, तरी शेकडो तळ उभे राहिले. ही सक्ती १९९४ मध्ये काढून टाकली गेली. २०२२ च्या कायद्याने तर, सांगूनही न हटणाऱ्याला तुरुंगवास होऊ शकतो आणि राहती व्हॅनही जप्त होऊ शकते.

साहेबाला हसण्याआधी जरा घरी बघू. लबक आजोबांच्या सुट्टीच्याच वर्षी, १८७१ मध्ये, त्याच सरकारने हिंदुस्थानात गुन्हेगार जमातींचा कायदा केला. भटकणाऱ्या अख्ख्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं, हजेरी लावली. सोलापूरला तर तारेच्या कुंपणात सेटलमेंट होती. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला, म्हणून तो दिवस विमुक्त दिन. ऑगस्टच्या शेवटी तिकडे व्हॅन किनाऱ्यावर असतात आणि इकडे ही माणसं आपल्या सुटकेची आठवण काढतात. २०२१ मध्ये महाराष्ट्राने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं. चांगलंच आहे. पण गावाबाहेर पाल ठोकणाऱ्याला आजही 'कुठून आलास, कधी जाणार?' हेच विचारतात.

मला यात एवढंच दिसतं, की भटकण्याला कुणाचीच हरकत नसते. हरकत असते ती परतीची तारीख नसलेल्या भटकंतीला. आपल्याकडे पत्ता आहे, रजेचा अर्ज आहे, सोमवारची मीटिंग आहे, म्हणून आपण 'पर्यटक'.

असो. रजा उरल्या असतील तर टाका आणि जाऊन या. वाटेत एखादं पाल दिसलं, तर गाडीची काच खाली करून रस्ता तरी विचारा. त्यांना तो आपल्यापेक्षा जास्त माहीत असतो.